फळ्यावरचे दिसते का?

बारामतीच्या एस. टी. स्थानकात सकाळच्या गाड्यांमधून उतरणाऱ्या गर्दीत मोठा भरणा विद्यार्थ्यांचा असतो. भिगवण, वालचंदनगर, भवानीनगर, लासुर्णे, कळस अशा इंदापूर तालुक्यातील गावांहून ही मुले-मुली येतात आणि सायंकाळी त्याच स्थानकात परतीची गाडी शोधतात. फलाटाकडे वळणाऱ्या गाडीची पाटी काही जण दुरूनच वाचतात, काही जण डोळे बारीक करून पाहतात आणि काही जण वाचण्याचा प्रयत्नच करीत नाहीत, शेजाऱ्याला विचारतात, "कुठली लागली?" हा प्रश्न इतका नित्याचा आहे, की त्यामागे डोळ्यांचा दोष असू शकेल असे विचारणाऱ्याच्याही मनात येत नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या दोषाला 'निकटदृष्टिता' म्हटले आहे. 'लघुदृष्टी' हे त्याचे दुसरे नाव. जवळचे स्वच्छ दिसते, दूरचे धूसर दिसते. मराठी भाषेची येथे थोडी गंमत आहे. 'दूरदृष्टी' हा गुण, तर 'दूरदृष्टिता' हा विकार. आणि 'लघुदृष्टी' हा शब्द एखाद्याच्या विचारांना उद्देशून वापरला तर तो अपमान. त्यामुळे घरात, बाजारात हे पारिभाषिक शब्द कोणी वापरत नाही. "नंबर लागला" एवढेच म्हटले जाते आणि ते पुरेसेही असते.

प्रौढ माणसाच्या डोळ्याच्या गोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. निकटदृष्टी डोळा त्याहून लांबट वाढलेला असतो; म्हणून दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या थोडी अलीकडे पडते. लांबी केवळ एक मिलिमीटरने वाढली, तरी चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने वाढतो. उणे दोन नंबर असलेल्या विद्यार्थ्याला चष्म्याविना अर्ध्या मीटरपलीकडचे सारे पुसट दिसते. उणे चार असेल, तर ही सीमा पाव मीटरवर येते. अंतर्गोल भिंगाने ती प्रतिमा मागे ढकलून दृष्टिपटलावर आणता येते. परीक्षेत या भिंगाची आकृती रेखाटून पूर्ण गुण मिळविणाऱ्या कित्येक मुलांना तेच भिंग आपल्यालाही हवे आहे, याची कल्पना नसते.

कल्पना नसण्याचे कारण साधे आहे. दृष्टी एका रात्रीत जात नाही. ती महिन्यामहिन्याने थोडी थोडी कमी होते आणि माणसाला आपल्या नजरेची तुलना दुसऱ्याच्या नजरेशी करता येत नाही. झाडाची पाने दुरून वेगवेगळी दिसतात, हे ज्याला कधी दिसलेच नाही, त्याला झाड म्हणजे हिरवा ढीगच वाटतो. दात दुखला तर माणूस दवाखान्यात जातो. निकटदृष्टिता दुखत नाही. शिवाय पुस्तक वाचता येते, भ्रमणध्वनी पाहता येतो, सुईत दोरा ओवता येतो. मग डोळे उत्तम आहेत, असेच घरचेही म्हणणार.

वर्गात मात्र हिशेब चुकू लागतो. महाविद्यालयातील दालने शाळेतील वर्गांहून मोठी, बाके अधिक, आणि कोणी कोठे बसावे हे सांगणारे कोणी नाही. लाजाळू मुलगा मागे बसतो. गणिताचे किंवा लेखाशास्त्राचे प्राध्यापक बोलता बोलता फळ्यावर आकडे मांडतात. ज्याला फळा दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. शेजाऱ्याने तीनचे आठ केले, तर याच्याही वहीत आठच येतात. पुढे पुढे तो उतरवून घेणेही सोडतो. "लक्ष नसते" हा शेरा त्याच्या नावापुढे लागतो, आणि काही काळाने त्याचाही त्यावर विश्वास बसतो. ग्रामीण भागातून आलेल्या, घराण्यात प्रथमच पदवीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अधिक क्लेशकारक ठरते. कारण आपण मागे पडत आहोत याचे खापर तो आपल्या बुद्धीवर, गावावर किंवा मराठी माध्यमावर फोडतो. डोळ्यांवर फोडत नाही.

विद्यार्थी आणि निकटदृष्टिता यांचा संबंध आजचा नाही. लंडनचे नेत्रशल्यविशारद जेम्स वेअर यांनी १८१३ मध्ये रॉयल सोसायटीसमोर एक निबंध मांडला. राजाच्या पायदळ रक्षक दलात सुमारे १० हजार सैनिक असूनही वीसेक वर्षांत निकटदृष्टीचे अर्धा डझन लोकही आढळले नव्हते. उलट ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात १२७ सदस्यांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातात धरायचे भिंग वापरीत होते. पुढे १८६७ मध्ये ब्रेस्लाऊ येथील हर्मान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले, तेव्हा वरच्या इयत्तांत हा दोष वाढत जातो असे त्यांना दिसून आले. विजेचा दिवाही तेव्हा घरोघर पोचला नव्हता. साऱ्याचे पाप भ्रमणध्वनीच्या माथी मारणाऱ्यांनी हे दोन सन ध्यानी ठेवण्यासारखे आहेत. भ्रमणध्वनी निर्दोष आहे असे नव्हे. पण जवळून, दीर्घकाळ, घरात बसून केलेले कोणतेही काम, मग ते कितीही पुण्याचे असो, डोळ्याला सारखेच.

बारामतीला शिक्षणाचे केंद्र होऊन आता दोन पिढ्या उलटल्या. जैन समाजाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या कुटुंबांतील मुले अभियंते, सनदी लेखापाल, डॉक्टर झाली. आजोबांचा दिवस शेतात किंवा दुकानाच्या ओट्यावर जाई, नातवाचा दिवस वर्गात, शिकवणीत आणि रात्र अभ्यासिकेत जाते. या स्थित्यंतराचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. त्याची किंमत काही अंशी डोळ्यांनी मोजली आहे, इतकेच.

ही किंमत पूर्व आशियात कोठवर गेली, ते पाहिले म्हणजे धडकी भरते. शांघायमधील एका विद्यापीठात ५,०६० विद्यार्थ्यांची तपासणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार ९५.५ टक्के विद्यार्थी निकटदृष्टी होते. सेऊलमधील १९ वर्षांच्या तरुणांत हे प्रमाण ९६.५ टक्के निघाले. भारतात चित्र इतके गंभीर नाही. शतकाच्या आरंभी दिल्लीतील ५ ते १५ वयोगटातील मुलांत ७.४ टक्के प्रमाण आढळले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणीत दिल्लीच्याच शाळकरी मुलांत ते १३.१ टक्के होते. महबूबनगरसारख्या ग्रामीण जिल्ह्यात २००२ च्या सुमारास ४.१ टक्के इतकेच होते. बारामती आणि इंदापूर हे धड दिल्लीही नव्हेत आणि वीस वर्षांपूर्वीचे महबूबनगरही नव्हेत. शहर आणि शिवार यांच्या मधल्या अशा गावांत प्रमाण किती, यापेक्षा ज्यांना दोष आहे त्यांपैकी किती जणांच्या नाकावर योग्य नंबरचा चष्मा आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र या प्रदेशाच्या बाजूने आहे, ती म्हणजे ऊन. सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. वंश एक, आईवडिलांच्या डोळ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही; पण सिंगापुरात २९.१ टक्के, तर सिडनीत अवघी ३.३ टक्के मुले निकटदृष्टी. सिडनीची मुले आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन तास. चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांत पहिलीपासून रोज ४० मिनिटे उघड्यावरचा जादा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना नव्याने हा दोष जडला होता, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. उघड्यावरचा प्रकाश घरातील दिव्याच्या कित्येक पट अधिक असतो, झाडाच्या सावलीतही. त्या प्रकाशाने दृष्टिपटलातील डोपामिन हे द्रव्य वाढते आणि डोळ्याच्या लांब होण्याला आळा बसतो, असे संशोधक मानतात. बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात सूर्याची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती शिकवणीच्या दोन तासिकांमधील मोकळ्या वेळेची. अर्थात हा उपाय दोष जडण्यापूर्वीचा आहे. विशीतल्या मुलाला उन्हात उभे केल्याने लागलेला नंबर उतरणार नाही. त्याच्या आठ वर्षांच्या धाकट्या बहिणीचा मात्र कदाचित लांबेल. आणि लांबणे यालाही मोल आहे. बँकेतील ठेव जितकी लवकर ठेवावी तितकी ती अधिक वाढते. नंबरचेही तसेच आहे, फक्त येथे ती वाढ नको असते. सातव्या वर्षी लागलेला नंबर चौदाव्या वर्षी लागलेल्या नंबरापेक्षा बहुधा पुष्कळ पुढे जातो.

आता विशीतल्या मुलाकडे पुन्हा वळावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. दृष्टिदोषही त्यात पाहिला जातो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम तर १९७६ पासूनचा. त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा मात्र १८ वर्षे. दुसऱ्या टोकाला, चाळिशी लागली की वाचायचा चष्मा घ्यावाच लागतो, म्हणून माणूस आपण होऊन डोळे तपासतो. साठीनंतर गावोगावची मोतीबिंदू शिबिरे त्याची वाट पाहत असतात. अठरा ते चाळीस या मधल्या वयाच्या दारी कोणी येत नाही. नेमक्या याच वयात माणूस पदवी घेतो, वाहन चालवू लागतो, नोकरी शोधतो आणि लग्न करतो.

वाहनाचेच पाहा. शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी नमुना १ मध्ये अर्जदाराला स्वतःच घोषित करावे लागते, की स्वच्छ उजेडात २५ मीटरवरील मोटारीची क्रमांकपाटी आपल्याला, चष्मा असल्यास चष्म्यासह, वाचता येते. डॉक्टरचा दाखला खासगी वाहनासाठी चाळिशीनंतरच लागतो. अठरा वर्षांचा मुलगा हा रकाना किती गांभीर्याने भरतो, हे सांगायला नको. तोच मुलगा गळिताच्या हंगामात सायंकाळनंतर बारामती-इंदापूर रस्त्याने दुचाकीवरून जातो, आणि पुढे मागचा दिवा नसलेली उसाने भरलेली ट्रॉली चाललेली असते. अंधुक प्रकाशात बाहुली विस्फारते आणि चष्मा नसलेल्या निकटदृष्टी डोळ्याची धूसरता आणखी वाढते.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुले श्रमसंस्कार शिबिरात खेडेगावातील वृद्धांना हाताला धरून नेत्रतपासणीला आणतात, नावे लिहून घेतात, रांगा लावतात. हे काम स्तुत्य आहे. त्याच दिवशी रांग संपल्यावर त्या पन्नास स्वयंसेवकांनाही तक्त्यासमोर उभे करावे, हे मात्र क्वचितच कोणाला सुचते.

या दुर्लक्षाची सर्वांत कठोर वसुली नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत होते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी ए-१ हा वैद्यकीय दर्जा लागतो: दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्याविना ६/६, आणि लेसिक शस्त्रक्रिया करून घेतलेली चालत नाही. ही अट जाहिरातीत छापलेली असते. तरीही लेखी परीक्षेसाठी दोन-तीन वर्षे अभ्यासिकेत घालवून, उत्तीर्ण होऊन, अखेरच्या पायरीवर डोळ्यांमुळे परत फिरणारे उमेदवार असतात. सैन्यदले आणि गणवेशाच्या अन्य सेवांतही दृष्टीचे निकष कडक असतात. पहाटे मैदानावर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाने पहिल्याच आठवड्यात डोळे तपासले असते, तर त्याने त्या निकषांशी आपला नंबर ताडून पाहिला असता आणि वेळीच वाट बदलली असती. बँक, विमा, लेखापरीक्षण, अध्यापन या क्षेत्रांत चष्म्याची आडकाठी नाही. तीन वर्षे हा तरुणाच्या आयुष्यातील लहान खर्च नव्हे, आणि तो टाळायला लागणारी तपासणी दहा मिनिटांची आहे.

मुलींच्या बाबतीत अडचण वेगळ्या दारातून येते. वधूवर परिचयपत्रात उंची, वर्ण, शिक्षण यांबरोबर चष्म्याचा रकाना अनेक ठिकाणी अजूनही असतो, आणि तो भरताना मुलाच्या घरी जेवढा विचार होतो त्याहून अधिक मुलीच्या घरी होतो. "आत्ताच लावू नकोस, लग्नानंतर बघू" हा सल्ला मायेपोटी दिला जातो. त्या सल्ल्यामुळे वाणिज्य शाखेची हुशार मुलगी पदवीची तीन वर्षे फळ्याकडे अंदाजाने पाहत काढते, आणि हे घरात कोणाला कळतही नाही. काही जणी स्पर्शभिंगे वापरतात. ती योग्य स्वच्छता राखून, रात्री काढून ठेवून वापरली तर उत्तमच. पण चष्मा दिसू नये म्हणून घरच्यांपासूनही लपवून, पाण्याने धुऊन वापरली, तर बुबुळाला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. परिचयपत्रातून तो रकाना वगळायला समाजाला कोणता ठराव करावा लागतो, हे कळणे कठीण आहे.

चष्म्याविषयीच्या समजुती तर पिढीजात. लावला की नंबर वाढतो, ही त्यांतली सर्वांत चिवट. तिच्याच धर्तीवर मुद्दाम थोडा कमी नंबर देण्याची पद्धतही एके काळी होती. क्वालालंपूर येथे ९४ मुलांवर तिचा प्रयोग झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कमी नंबर दिलेल्या मुलांचाच दोष अधिक वेगाने वाढला. डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा घालविण्याचे आश्वासन न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये पुस्तक काढून दिले, आणि तेव्हापासून ते निरनिराळ्या वेषांत जाहिरातींतून डोकावते आहे. लांब झालेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. गाजराने रातांधळेपणाला प्रतिबंध होईल, नंबर उतरणार नाही. दर वीस मिनिटांनी दूर पाहण्याचा नियम डोळ्यांचा शीण हलका करतो. तेवढ्यासाठी तो पाळावा. पैशाची सबबही आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि काच महाग नसते, चौकट महाग असते.

उणे सहाच्या पुढच्या नंबराला मात्र केवळ चष्मा पुरेसा नाही. फार लांबलेल्या डोळ्यात दृष्टिपटल ताणून पातळ होते. ते फाटण्याचा, सुटण्याचा, तसेच काचबिंदूचा धोका इतरांहून अधिक असतो. डोळ्यांपुढे अचानक पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागणे, विजेसारख्या चमका दिसणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, ही तातडीची लक्षणे होत. परीक्षा संपेपर्यंत थांबण्याची नव्हेत. लेसिक करून चष्मा उतरला तरी डोळा आतून लांबच राहतो, म्हणून दृष्टिपटलाची वार्षिक तपासणी सुटत नाही. ती शस्त्रक्रियाही १८ वर्षांनंतर आणि नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्यावरच करावयाची असते. आणखी एक सूचना धुळीच्या या मुलखासाठी. ॲलर्जीने डोळे खाजतात, मुले ते सतत चोळतात. तिरका नंबर दर काही महिन्यांनी बदलत असेल, तर बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा विकार आहे का, हे नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. तो लवकर लक्षात आला, तर थोपविता येतो.

एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतलेच, तर लागते फार थोडे. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता आज देवनागरीतही मिळतो. सहा मीटर लांबीची एक खोली, तक्त्यावर पुरेसा उजेड, जमिनीवर खडूची एक रेघ आणि नोंदवही. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच एकेक विद्यार्थी रेघेवर उभा करावा. डावा डोळा तळहाताने झाकून उजव्याने, मग उजवा झाकून डाव्याने वाचायला सांगावे. दोन्ही डोळे स्वतंत्र तपासणे महत्त्वाचे, कारण एक डोळा चांगला असला, की तो दुसऱ्याचा दोष वर्षानुवर्षे झाकून ठेवतो. डोळे बारीक करू देऊ नयेत. चष्मा असेल त्याची चष्म्यासह तपासणी करावी. जुना नंबर अपुरा पडलेले विद्यार्थीही थोडे नसतात. ६/९ ची ओळ ज्याला वाचता येत नाही, त्याचे नाव वेगळ्या यादीत. ही यादी घेऊन बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय किंवा इंदापूरचे शासकीय रुग्णालय गाठता येते. गुंतागुंतीच्या डोळ्यांसाठी पुण्यात मोहम्मदवाडीचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. एका महिन्याने तीच यादी पुन्हा काढावी आणि नावानिशी विचारावे, चष्मा केला का, केला असेल तर आज वर्गात आणला आहे का. बहुतेक शिबिरे या दुसऱ्या प्रश्नापाशीच अपुरी राहतात.